दोघं, एक गाडी आणि नेपाळ: पुण्यातून निघण्यापासून परतण्यापर्यंतचं नियोजन

नेपाळच्या सीमेवरच्या बेलहियाच्या भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, कार्यालयात हातात पडलेल्या पावतीवर साल होतं २०८१. नवरा हळूच म्हणाला, "अगं, तारीख चुकलीय. परत जाऊन बदलून आणूया." टेबलामागच्या माणसाला हे रोजचंच असावं. त्याने वर न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. नेपाळात सरकारी कामकाज विक्रम संवतावर चालतं आणि ते आपल्या इंग्रजी सालाच्या साधारण सत्तावन्न वर्षं पुढे असतं. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं, एवढं आम्हाला माहीत होतं. सत्तावन्न वर्षांचं कुणी बोललं नव्हतं.

२०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही दोघं आमच्या पेट्रोल गाडीने पुणे ते नेपाळ आणि परत असा प्रवास केला. अठरा दिवस लागले. त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच जोडप्यांना फोनवर तेच तेच सांगून झालं, म्हणून आता एकदाच नीट लिहून काढते आहे.

आधी दिवस मोजा, आणि तेही तासांत

पुण्याहून सुनौलीची सीमा पावणेदोन हजार किलोमीटरच्या आसपास पडते. म्हणजे जायला तीन दिवस आणि यायला तीन दिवस. नेपाळात अकरा दिवस तरी हवेत. एक दिवस हातचा ठेवायचा, त्यावर कुठलंही ठिकाण लिहायचं नाही. एकूण अठरा. एवढी रजा मिळत नसेल तर उगाच ओढाताण करू नका. मुंबईहून गोरखपूरला रेल्वेने किंवा विमानाने जा आणि सीमा ओलांडून भैरहव्याला नेपाळी गाडी चालकासकट ठरवा. त्यातही मजा आहेच, फक्त ती वेगळी सहल होते.

नेपाळातला फेरा आम्ही असा आखला होता: सुनौली, लुंबिनी, तानसेन, पोखरा, बंदिपूर, भक्तपूर, चितवन आणि पुन्हा सुनौली. सगळं मिळून जेमतेम आठशे किलोमीटर. समृद्धी महामार्गाची सवय झालेल्या माणसाला वाटतं, हे तर दोन दिवसांचं काम आहे. तसं नाही. डोंगरात ताशी वीस ते पंचवीस किलोमीटर पडतात, रुंदीकरण चालू असेल तिथे त्याहूनही कमी. ताम्हिणी घाट दीडशे किलोमीटर लांब असता आणि मधेमधे खणून ठेवलेला असता तर कसं वाटलं असतं, तसं समजा. नकाशा चार तास सांगत असेल तर सहा धरा. दिवसाला एकच टप्पा, आणि तो उजेड असेतो संपला पाहिजे.

कधी जायचं

ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर. आकाश धुतल्यासारखं असतं, शिखरं दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुलतो, पण हवा धुरकट असते आणि पोखऱ्याला जाऊनही हिमालय न दिसता परत आलेले लोक मला माहीत आहेत. जून ते सप्टेंबर गाडीने अजिबात नको. दरडी कोसळतात. २०२४ च्या जुलैत नारायणगढ ते मुग्लिन रस्त्यावर सिमलताल इथे दरडीने दोन बस त्रिशूली नदीत ढकलल्या. तो रस्ता आपल्या फेऱ्यातलाच आहे.

एक गोष्ट बघून घ्या. आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या वेळी तिकडे दशैं असतो, आणि तो नेपाळचा सगळ्यात मोठा सण. अख्खा देश गावी निघालेला असतो. महामार्ग भरलेले, शहरातली दुकानं बंद. दिवाळीत तिहार. तो संपला की निघा.

कागदपत्रं: दोघांची आणि गाडीची

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, या दोनांपैकी एक प्रत्येकाकडे हवं. आधार कार्डावर विसंबून निघू नका. आमच्याकडे गंमत अशी झाली की माझ्या मतदार ओळखपत्रावर अजून माहेरचं नाव आहे आणि लायसन्सवर सासरचं. शेवटी मी पासपोर्ट नेला आणि प्रश्न मिटला. ज्यांची नावं अशी दोन-दोन आहेत त्यांनी निघण्याआधी महिनाभर कपाट उघडून बघावं.

गाडीचं आरसी बुक, विमा, पीयूसी आणि दोघांची लायसन्स मूळ प्रतीत न्या, मोबाइलमधली नकोत. शिवाय प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. गाडी सासऱ्यांच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर मालकाचं सहीचं संमतीपत्र घ्या. भाड्याची सेल्फ-ड्राइव्ह गाडी या सहलीला नको.

विम्याचं बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. आपली वाहन विमा पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. थोडे जास्तीचे पैसे भरून तिला नेपाळपर्यंत 'भौगोलिक क्षेत्र विस्तार' जोडून मिळतो. फोनवरच्या मुलाला हे माहीत नसण्याची शक्यता दाट आहे. आम्हाला तिघांनी "असं काही नसतंच" म्हणून सांगितलं, चौथ्याने दोन दिवसांत कागद पाठवला. तो कागद हातात आल्याशिवाय निघू नका.

सीमेपर्यंतचे तीन दिवस

पहिला मुक्काम नागपूर. पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन समृद्धीला लागायचं. रस्ता सरळ, काँक्रीटचा आणि कंटाळवाणा. टायरमधली हवा निघतानाच तपासा आणि डुलकी येऊ लागली की चालक बदला. दुसऱ्या दिवशी नागपूरहून सिवनी, जबलपूर करत रीवा, साधारण पाचशे किलोमीटर. वाटेत पेंचच्या जंगलात महामार्ग खांबांवर उचलला आहे आणि खालून जनावरं जातात. हा पट्टा सकाळच्या उजेडात करा. तिसऱ्या दिवशी मिर्झापूर, वाराणसी करत गोरखपूर. वाराणसीत शिरायचा मोह होतो. येताना शिरा, जाताना वळणरस्त्यानेच पुढे व्हा.

मुक्काम गोरखपूरलाच करायचा, सुनौलीला नाही. तिथून सीमा शंभर किलोमीटरच्या आत आहे. पहाटे निघालं की भन्सार उघडायच्या वेळेला पोचता येतं. गोरखपुरातच टाकी भरा आणि शंभराच्या नोटा गोळा करा. कशासाठी ते पुढे येतंय.

सुनौली-बेलहिया: दोन तासांचं नाटक

सीमेच्या अलीकडे ट्रकांची लांबलचक रांग दिसते. ती आपली नाही. छोट्या गाड्या बाजूने पुढे जातात. आपल्या बाजूला ओळखपत्र बघतात, गाडीत डोकावतात आणि कमानीखालून सोडतात. पलीकडे नेपाळचं बेलहिया.

गाडी कडेला लावली की एजंट भोवती जमतात. एकाला ठरवलं तर अर्धा तास वाचतो, नाही ठरवलं तरी काम होतं, कारण पाट्या देवनागरीत आहेत. आधी 'भन्सार', म्हणजे सीमाशुल्क. गाडी किती दिवस नेपाळात राहणार ते सांगायचं आणि तेवढ्या दिवसांचे पैसे भरायचे. मोटारीला दिवसाला पाच-सहाशे नेपाळी रुपयांच्या घरात पडतात, दर अधूनमधून बदलतात. त्यानंतर 'यातायात'च्या खिडकीवर वाहतुकीची पावती. भारतीय गाडी वर्षातून एकूण तीस दिवसच नेपाळात राहू शकते. 'सुविधा' नावाची स्वस्त चिठ्ठी कुणी पुढे केली तर घेऊ नका, ती त्याच दिवशी परतणाऱ्यांसाठी असते.

आता आमची चूक. नेपाळात अकरा दिवस राहणार म्हणून अकराच दिवसांचे पैसे भरले. अकराव्या दिवशी चितवनच्या सौराहाहून निघालो आणि बुटवलच्या अलीकडे एक ट्रक रस्त्यात आडवा झालेला. चार तास गाडी जागची हलली नाही. मुदत उलटली तर दंड होतो, आणि तो रोजच्या शुल्कासारखा किरकोळ नसतो. चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन आम्ही दोघं मिनिटं मोजत होतो. रस्ता मोकळा झाला, कार्यालय बंद होता होता पोचलो, पण त्या चार तासांत नवऱ्याने मला "मी म्हणालो होतो तेरा दिवसांचं काढ" हे वाक्य किती वेळा ऐकवलं, त्याचा हिशोब अजून बाकी आहे. दोन दिवस जास्तीचे भरा.

पावतीवरच्या संवताच्या तारखेशेजारी आपली तारीख पेनाने लिहून ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. मूळ पावती समोरच्या कप्प्यात. वाटेत पोलीस तीच मागतात.

पैसे, फोन आणि 'आयसी की एनसी?'

शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. दुकानदाराने आकडा सांगितला की पहिला प्रश्न विचारायचा: "आयसी की एनसी?" भारतीय चलन की नेपाळी. हजाराच्या खोलीत त्या प्रश्नाने पावणेचारशे रुपये वाचतात.

आम्ही गेलो तेव्हा भारतीय नोटा शंभरापर्यंतच्याच बिनघोर चालत होत्या, म्हणून त्यांची गड्डी. बाकी खर्चासाठी भैरहव्यात नेपाळी चलन घ्या. २०२४ पासून फोनपेच्या क्यूआरवर भारतीय यूपीआय चालू लागलं आहे. (हे 'फोनपे' म्हणजे Fonepay नावाचं नेपाळी जाळं, आपलं PhonePe अ‍ॅप वेगळं.) पोखऱ्यात ते छान चाललं, डोंगरातल्या खाजाघरात, म्हणजे नाश्त्याच्या छोट्या दुकानात, नाही. तिथे रोखच. फास्टॅगचा उपयोग नाही.

सिम कार्ड भैरहव्यातच घ्या, ओळखपत्र आणि फोटो लागतो. दोघांनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची घ्यावीत, एक एनसेल आणि एक नेपाळ टेलिकॉम. डोंगरात एकाची रेंज गेली की दुसऱ्याची असते. नकाशा मात्र आधीच उतरवून ठेवा.

फेरा, एकेक टप्पा

*लुंबिनी.* भैरहव्याहून तासाभराच्या आत. बुद्धाच्या जन्मस्थानी मायादेवी मंदिर आणि शेजारी सम्राट अशोकाने उभारलेला स्तंभ. स्तंभावरची ब्राह्मी अक्षरं अजून स्पष्ट आहेत. सीमेच्या धावपळीनंतर दुपारी इथे पोचायचं आणि काही करायचं नाही. पहिल्या दिवशी घाटात शिरू नका.

*तानसेन.* बुटवल सोडलं की सिद्धार्थ राजमार्ग चढायला लागतो आणि लगेच सिद्धबाबाचा पट्टा येतो. वरून दगड पडतात म्हणून हा भाग बदनाम आहे. कामासाठी रस्ता ठरावीक वेळेला बंद ठेवतात, त्या वेळा लुंबिनीच्या हॉटेलात विचारून निघा. बहुतेक प्रवासी इथून थेट पोखरा गाठतात. आम्ही पाल्पा जिल्ह्यातल्या या गावात एक रात्र थांबलो आणि माझ्या मते अख्ख्या सहलीतला हा सगळ्यात शहाणा निर्णय होता. चढणीची फरशीबंद गल्ली, ढाका कापड विणणारे माग, पितळी करुवा म्हणजे तोटीचा तांब्या विकणारी दुकानं. जेवताना 'चुकाउनी' मागवा. उकडलेला बटाटा, दही, कांदा, वरून मेथीदाण्याची फोडणी आणि हळद. आमच्या घरची बटाट्याची कोशिंबीर! फक्त आपण मोहरी-जिरं घालतो, त्यांनी मेथी जाळली होती. नवऱ्याने तीनदा वाढून घेतली आणि वाढणाऱ्या दिदींना मराठीतच सांगितलं, "आई अशीच करते." त्या हसल्या. त्यांना कळलं असावं.

*पोखरा, तीन रात्री.* तानसेनहून सव्वाशे किलोमीटर, पाच-सहा तास वळणंच वळणं. गाडी लागणाऱ्याने पुढे बसावं, नाहीतर स्वतः चालवावी. आलेपाकाच्या वड्या बरोबर हव्यात. हॉटेल ठरवताना आवारात पार्किंग आहे का ते फोन करून विचारा. आमच्या हॉटेलच्या जाहिरातीत ते होतं, प्रत्यक्षात समोरच्या रिकाम्या प्लॉटला ते पार्किंग म्हणत होते.

पहाटे सारंगकोट. ६,९९३ मीटरच्या माछापुच्छ्रेच्या टोकावर पहिलं ऊन पडतं ते बघायला अंधारात निघावं लागतं. नंतर फेवा तालात नावेतून बाराही मंदिर. तिसऱ्या दिवशी आम्ही काहीच केलं नाही. कपडे धुवायला टाकले, गाडीची हवा तपासली, तळ्याकाठी बसलो.

मुक्तिनाथाचं सगळेच विचारतात. ते साधारण ३,८०० मीटर उंचीवर आहे आणि बेनीच्या पुढचा रस्ता आपल्या गाडीसाठी नाही. गाडी पोखऱ्यात ठेवून स्थानिक जीप करा, किंवा जोमसोमपर्यंत विमान. कसंही केलं तरी दोन-तीन दिवस वाढतात. अठरा दिवसांत ते कोंबू नका. तिथल्या एकशे आठ धारांखाली न्हायचंच असेल तर काठमांडूचं खोरं वगळा.

*बंदिपूर.* पृथ्वी राजमार्गावर डुम्रेला वळायचं, आठ किलोमीटर चढ. नेवार व्यापाऱ्यांचं जुनं गाव, मधल्या पेठेत गाड्यांना बंदी. सामानाची छोटी पिशवी आधीच वेगळी काढून ठेवा, नाहीतर मोठी बॅग फरशीवरून ओढत न्यावी लागते.

*भक्तपूर, दोन रात्री.* काठमांडूत गाडी घालू नका. मुग्लिनकडून येणारा रस्ता शहरात शिरताना तुंबतो आणि आतल्या गल्ल्या मंडईच्या गल्ल्यांना लाजवतील अशा. आम्ही भक्तपुरात राहिलो, गाडी लावून टाकली आणि पशुपतिनाथ, बौद्धनाथ, पाटण टॅक्सीने केलं. भक्तपूरच्या जुन्या भागाला प्रवेशशुल्क आहे आणि भारतीयांना सार्क देशांचा कमी दर लागतो, त्यासाठी ओळखपत्र खिशात हवं. मातीच्या वाडग्यात लावलेलं 'जुजु धौ' खा. दही आहे, पण चमचा उभा राहतो.

*चितवन.* सौराहाला दोन रात्री. १९७३ साली झालेलं हे नेपाळचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. २०२१ च्या मोजणीत इथे ६९४ गेंडे होते. जीप सफारी आणि राप्ती नदीतली होडी एवढं पुरे. हत्तीवर बसू नका, त्या जनावराचे हाल बघवत नाहीत. संध्याकाळनंतर गावात चालताना आजूबाजूला लक्ष असू द्या, गेंडा कधीकधी बाजाररस्त्यावर फिरतो.

गाडी हाकताना

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. दारूला मात्र शून्य सूट. पोलीस रस्त्यात तपासतात आणि एका बिअरचीही सबब चालत नाही. काठमांडूत २०१७ पासून विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे. पुणेकराच्या अंगठ्याला ही मोठी शिक्षा आहे.

पाट्या वाचता येतात हा आपला मोठा फायदा, पण काही शब्द चकवतात. 'पहिरो' म्हणजे दरड. 'बाटो बन्द' म्हणजे रस्ता बंद. 'प्रहरी' म्हणजे पोलीस, 'पसल' म्हणजे दुकान. 'मासु' म्हणजे मांस, आणि मासा हवा असेल तर 'माछा'. शाकाहारी मंडळींनी मोमो मागवताना हे विसरू नये, 'बफ' लिहिलं असेल तर ती म्हैस आहे. कुणालाही हाक मारताना 'दाइ' (दादा) आणि 'दिदी' (ताई).

दोघांतली वाटणी

आमचा नियम होता: दोन तास झाले की चालक बदलायचा, दमलो नसलो तरी. जो चालवत नाही त्याच्याकडे नकाशा, पैसे, पावत्या आणि पाणी. त्याने झोपायचं नाही आणि "हळू, हळू" असं सारखं म्हणायचं नाही. वळण चुकलं तर चालवणारा बोलणार नाही, खड्ड्यात गाडी आपटली तर शेजारचा बोलणार नाही. पहिला अर्धा करार मोडला गेला, दुसरा शेवटपर्यंत टिकला.

निघण्याआधी प्रत्येकाने एकच ठिकाण कागदावर लिहायचं, जे काही झालं तरी सोडायचं नाही. माझं तानसेन होतं, त्याचं पशुपतिनाथ. बाकी सगळं वेळेनुसार गाळायला मोकळीक. त्यामुळे बंदिपूरला एकच रात्र मिळाली तेव्हा कुणी रुसलं नाही.

महामार्गावर स्वच्छतागृहांची अडचण आहे. बसगाड्या जिथे जेवायला थांबतात त्या मोठ्या भोजनालयांत जा आणि तिथेच दाल-भातही खा. भात, डाळ, भाजी पुन्हा पुन्हा वाढतात, वेगळे पैसे नाहीत.

खर्चाचा अंदाज आणि परतीचे सोपस्कार

एकूण फेरा ४,४०० किलोमीटरच्या आसपास. गाडी लिटरला पंधरा देत असेल तर तीनशे लिटर पेट्रोल धरा. आमचा सगळ्यात मोठा खर्च तोच होता, त्याखाली हॉटेलं, मग टोल. नेपाळातलं जेवण या तिघांपुढे काहीच नाही.

परतताना बेलहियाला भन्सारची पावती जमा केल्याशिवाय कमान ओलांडू नका. गर्दीत कुणी थांबवत नाही, म्हणून लोक तसेच निघून येतात आणि गाडी कागदोपत्री नेपाळातच राहते. पुढच्या वेळी ते निस्तरावं लागतं.

घरी आल्यावर गाडी लगेच सर्व्हिसिंगला टाका. ब्रेक पॅड दाखवून घ्या आणि एअर फिल्टर बदलाच. आमच्या मेकॅनिकने तो बाहेर काढून फरशीवर आपटला, तर मुग्लिनची निम्मी धूळ खाली पडली.